थोडा फरक हाय अजून

बंडामामांनी गाडी दुरुस्त करून दिली, की गिऱ्हाईक किल्लीसाठी हात पुढं करायचं. नेमक्या त्याच वेळी मामा मान वाकडी करायचे, एक डोळा मिटायचे आणि म्हणायचे, "थोडा फरक हाय अजून." झालं. किल्ली परत त्यांच्या खिशात जायची आणि गिऱ्हाईक परत बाकड्यावर बसायचं. तो थोडा फरक मामांशिवाय कुणालाच ऐकू यायचा नाही. पण मामांना ऐकू आला म्हणजे तो होता, असं कोल्हापूरच्या गंगावेशीतली सगळी दुचाकी दुनिया मानून चालायची.

त्यांचं गॅरेज माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली होतं. मी मूळची गगनबावड्याची. तिथं चार महिने पत्र्यावर पाऊस वाजतो आणि उरलेले आठ महिने त्या पावसाबद्दल बोलणं चालतं, त्यामुळं आवाजाचं मला वावडं नाही, अशी माझी समजूत होती. शाळेत मास्तरीण म्हणून नेमणूक झाली, ही खोली भाड्यानं घेतली आणि आठ दिवसांत समजूत गेली. सकाळचा चहा एका इंजिनाच्या फुरफुरण्यावर आणि रात्रीची भाकरी दुसऱ्याच्या खोकल्यावर. एकदा मी वैतागून खाली गेले आणि म्हटलं, मामा, जरा हळू. त्यांनी अत्यंत गंभीरपणे विचारलं, "बाई, तुमाला कुठला आवाज जास्त खुपतोय? पयल्या गिअरचा का न्यूट्रलचा?" मी म्हटलं, सगळेच. माणसाला तक्रारसुद्धा नीट करता येत नाही, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडं बघितलं.

दिसायला मामा किडमिडीत. खाकी अर्धी विजार, वर कधीकाळी पांढरा असलेला बनियन, कानावर पेन्सिल. त्या पेन्सिलीनं त्यांनी कधी काही लिहिलेलं मी पाहिलं नाही. ती एका टोकानं इंजिनाला टेकवायची, दुसरं टोक कानात धरायचं आणि डॉक्टरसारखं ऐकायचं, एवढंच तिचं काम. मामी मागच्या घरात राहायच्या. त्यांचं गाऱ्हाणं एकच होतं, की तीस वर्षांच्या संसारात ह्या माणसानं आपलं एक वाक्य पुरतं ऐकलेलं नाही, इंजिनानं सांगितलं असतं तर ऐकलं असतं.

बिघडलेला आवाज त्यांना सोसायचाच नाही. रस्त्यानं जाणारी परकी गाडीसुद्धा ते हात आडवा करून थांबवत. एकदा कबनूरचा एक तरुण आपल्या सख्ख्या मामाला मागं बसवून मुलगी बघायला निघाला होता. यंत्रमागाच्या गावचा, खडखडाटात वाढलेला गडी, त्याला आपली गाडी वाजते हे ठाऊकच नव्हतं. बंडामामांनी त्याला अडवलं, "पावणं, टायमिंग गेलंय, पुढं जाऊ नगा," म्हणत गाडी आत घेतली आणि तासभर दोघांना चहावर बसवलं. मुलीकडं पोचायला उशीर झाला, तरी लग्न ठरलं. पुढं तो जोडीनं गाडी सर्व्हिसिंगला आणायचा, आणि बायकोसमोर मामांना सांगायचा, की तुम्ही अजून दोन तास थांबवायला पाहिजे होतं. बायको हसायची. मामा तोवर गाडीच्या पोटात शिरलेले असायचे.

माझ्या स्कूटरचंही तसंच. शाळेच्या वार्षिक तपासणीच्या दिवशी सकाळी मी गडबडीनं निघाले, तर मामा समोर उभे. "मागचा ब्रेक रडायलाय, सोडणार न्हाय." मी विनवलं, रागावले, शेवटी जवळजवळ रडले. तो ब्रेक आणि मी दोघांना गप्प करून त्यांनी स्कूटर ताब्यात घेतली. शाळेत पोचायला पाऊण तास उशीर होणार म्हटल्यावर मामीकडून पेन मागवून त्यांनी प्लगच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर चिठ्ठी लिहिली : 'हेडबाईंस नमस्कार. गाडी आजारी होती. बाईंची चूक नाही. बंडा मिस्त्री.' हेडबाईंनी ती टेबलाच्या काचेखाली ठेवली आणि पुढच्या महिन्यात स्वतःची गाडी त्यांच्याकडं आणली.

आमच्या गल्लीच्या टोकाला संभाजीचा गोठा होता. चार म्हशी, त्यातली थोरली चिमणी. नाव चिमणी आणि अंग असं, की ती गल्लीत वळली की समोरच्यानं भिंतीला चिकटावं. संभाजी सकाळ-संध्याकाळ तिला गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर न्यायचा, गिऱ्हाइकासमोर धार काढून द्यायला. चिमणीला दावं लावायची गरज नव्हती. संभाजीनं आपली जुनी मोटारसायकल चालू केली, की ती मागं मागं पळायची. आमच्याकडं म्हशी अशा गाडीमागं पळतात, आणि दिवाळी पाडव्याला त्यांना रंगवून, मोरपिसं लावून रस्त्यावर पळवतात, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. बाहेरच्याला सांगितलं तर खरं वाटत नाही.

त्या गाडीचा आवाज म्हणजे मामांच्या जिवाला घोर होता. सायलेन्सर कुजलेला, मडगार्ड ढिलं, मधेच ठसका लागल्यासारखं व्हायचं. मामा चार वर्षं मागं लागले होते, की गाडी आण, फुकट करून देतो. संभाजी हसायचा आणि म्हणायचा, म्हशीला सवय झालीया, हात लावू नका. मामांना ती आळशाची सबब वाटायची.

त्या साली गणपती गेले आणि चौथ्या दिवशी संभाजी गेला. कट्ट्यावर धार काढता काढता छातीत कळ आली, बादली बाजूला ठेवली आणि भिंतीला टेकला, तो उठलाच नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. वय चाळीस. मागं बायको वैशाली आणि पाचवीतली ऋतुजा. ती माझ्याच वर्गात होती.

ऋतुजा पंधरा दिवसांनी शाळेत आली. रडली नाही. गृहपाठ पूर्ण, वह्यांना कव्हर, प्रश्न विचारला की बरोबर उत्तर. सगळे म्हणायचे, केवढी शहाणी पोर. मला ते शहाणपण बघवत नव्हतं. पूर्वी ही मुलगी शेजारणीच्या डब्यातलं भडंग चोरायची आणि पकडली गेली की भांडायची. आता ती डबा उघडून समोर ठेवायची आणि घंटा झाली की तसाच बंद करायची. आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. ती 'पप्पा' म्हणत नव्हती. 'आमच्या घरातली गाडी', 'घरच्या म्हशी' असं त्या शब्दाला वळसा घालून बोलायची. मी बी.एड. केलेली बाई, पण तिच्याशी बोलताना मीही तोच वळसा घ्यायला लागले.

तिकडं चिमणीनं वेगळाच हट्ट धरला. श्रावणात व्यालेली म्हैस, कासेला रेडकू, आणि वैशालीला पान्हा सोडेना. धाकट्या दिरानं करून बघितलं, भिजवलेल्या पेंडीच्या आंबोणाची पाटी पुढं ठेवली, पाठीवरनं हात फिरवला. ती नुसती दाराकडं बघत उभी. एका सकाळी मामा विचारपूस करायला गेले होते. चहा होईपर्यंत हाताला चाळा म्हणून त्यांनी गोठ्यात उभ्या असलेल्या त्या गाडीला किक मारली. गाडी खोकली, ठसकली, चालू झाली. चिमणीचे कान उभे राहिले आणि बघता बघता कास भरून आली. वैशाली बादली घेऊन धावली. एका डोळ्यात पाणी आणि दुसऱ्यात हसू अशी तिची अवस्था झाली, असं मामींनी मला सांगितलं.

तेव्हापासून रोज सकाळी सहाला मामा गोठ्यावर हजर. किक मारायची आणि धार होईपर्यंत गाडी चालू ठेवायची. गाडी कुठंच जायची नाही. ऋतुजा सीटवर बसून राहायची, दोन्ही हात टाकीवर. धार संपली की मामा गाडी बंद करायचे आणि ती शाळेची तयारी करायला घरात जायची. दोघं एकमेकांशी बोलायचे नाहीत. पण रोज पंधरा मिनिटं तो बिघडलेला आवाज कानाशी घेऊन बसणं मामांना किती जड जात असेल, हे मला कळत होतं. चेहरा दाढ दुखल्यासारखा करून ते परत यायचे.

त्या घरात ती दिवाळी नव्हती. गल्लीनं फराळाचे डबे पोचवले, तेवढंच. भाऊबीजेला वैशाली लेकीला घेऊन माहेरी, पेठ वडगावला गेली, सकाळी धार झाल्यावर. ती रात्री परतणार होती, तोवर संध्याकाळची धार दीर बघणार होता, मिळेल तेवढी. आणि मामांनी ती संधी साधली. पोरीला काहीतरी द्यावं, असं त्यांच्या मनात होतं. कपडे, फटाके देण्यात अर्थ नव्हता. आपल्या हातात जे आहे ते द्यावं, म्हणून त्यांनी गाडी ढकलत गॅरेजवर आणली आणि दिवसभर तिच्याशी झुंजले. कार्बोरेटर धुतला, प्लग बदलला, मडगार्ड आवळलं, टाकीला पॉलिश केलं. नवा सायलेन्सर बसवला आणि जुना दारावर आलेल्या भंगारवाल्याच्या गाड्यात टाकला. संध्याकाळी गाडी अशी चालली, की शिवणयंत्र बरं. मीसुद्धा खिडकीतून म्हटलं, काय सुरेख झाली हो गाडी. त्या दिवशी पहिल्यांदा मामा 'थोडा फरक हाय' म्हणाले नाहीत.

दुसऱ्या सकाळी मीही गोठ्यावर गेले, कौतुक बघायला. मामांनी पहिल्याच किकला गाडी चालू केली. मऊ, एकसारखा आवाज. चिमणीनं कान हलवला नाही. वैशाली कासेला हात लावून बसली, बादली कोरडी. मामांनी ॲक्सिलेटर पिळला, परत पिळला. म्हैस आपली दाराकडं बघतेय. ऋतुजा सीटवरनं खाली उतरली. आधी तिनं सायलेन्सरकडं बघितलं, मग मामांकडं.

"तुमी माझ्या पप्पांचा आवाज पुसून टाकलासा," ती म्हणाली.

आणि मग ती रडली. दीड महिन्याचं सगळं एकदम. वैशालीनं तिला जवळ घेतलं, तर ती हात झटकून गव्हाणीपाशी जाऊन बसली आणि तिथं रडत राहिली. मामा गाडी बंद करायचंही विसरले. मीच किल्ली फिरवली. वाटेत परतताना ते एवढंच म्हणाले, "संभा मला म्हणालता, हात लावू नगा म्हणून. चार वर्षं म्हणालता." मामींचंच नाही, त्यांनी संभाजीचंही ऐकलं नव्हतं, आणि ते त्यांना त्या सकाळी कळलं. मला त्यांची दया आली आणि स्वतःचा रागही आला, कारण खिडकीतून शाबासकी मी दिली होती.

दुपारी मामांनी गॅरेजला कुलूप लावलं, जे सणावारीही लागत नसे, आणि भंगाराच्या वखारी पालथ्या घातल्या. दुसऱ्या दिवशी ऋतुजाही बरोबर गेली, फुगलेल्या तोंडानं. तीन दिवस दोघं गंजक्या ढिगातून सायलेन्सर उपसत होते. मिळाला नाही. कुजलेल्या लोखंडाची ओळख कोण ठेवतो? चौथ्या दिवशी मामांनी तिला सांगितलं, की तो गेला, आता परत यायचा नाही, दुसरा बनवावा लागेल आणि तो कसा वाजायचा ते तुलाच सांगावं लागेल.

मग आमच्या गल्लीत एक उलटं सर्व्हिसिंग सुरू झालं. जन्मभर गाड्या सुधारणारा माणूस चांगली गाडी बिघडवायला बसला. दिवाळीच्या सुट्टीत रोज दुपारी चिमणीला दावं लावून गॅरेजसमोर आणून उभं करायचं, ऋतुजानं उलट्या बादलीवर डोळे मिटून बसायचं आणि मामांनी नव्याकोऱ्या सायलेन्सरला भोक पाडायचं. पहिलं भोक पाडण्याआधी त्यांनी तो फडक्यानं पुसून घेतला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. गाडी चालू करायची. ऋतुजा मान हलवायची. "न्हाय. पप्पांची जरा खोकायची." मडगार्डचा बोल्ट ढिला. "न्हाय. पप्पांची वळणावर किणकिण करायची." दुपारचं गिऱ्हाईक ताटकळत उभं आणि मामा म्हणायचे, "थांबा की. अजून पायजे तेवढी बिघडली न्हाय."

बोलता बोलता आवाजाबरोबर बाकीचंही यायला लागलं. पप्पा गाडी चालू केली की आधी दोनदा पिळायचे, थांबायचे, मग एकदा. पप्पा थंडीत बनियनमध्ये वर्तमानपत्र घालायचे. पप्पांनी एकदा चुकून चिमणीच्या शिंगाचा रंग स्वतःच्या मिशीला लावला होता. ही गोष्ट सांगताना ती एवढी हसली, की बादलीवरून पडली. मी वर पोळ्या लाटत होते, लाटणं तिथंच थांबलं. दोन महिन्यांनी ते हसू ऐकत होते. खालच्या गोंगाटाबद्दल मी त्यानंतर कधी तक्रार केली नाही.

एक गोष्ट मात्र तिनं इंजिन चालू असताना, आवाजाच्या आडोशानं सांगितली. मामांना ती ऐकू गेली, ते पुढं त्यांनी मला सांगितलं. संभाजी शाळा सुटताना गाडी घेऊन फाटकाशी यायचा, मागं चिमणी. वर्गातल्या मुली हसायच्या. तो गेला त्याच्या आदल्या दिवशी ऋतुजा त्याला म्हणाली होती, उद्यापासून म्हशीला घेऊन शाळेसमोर येऊ नको. आणि तो खरंच आला नाही. दहा वर्षांच्या पोरीनं हे दोन महिने एकटीनं पोटात ठेवलं होतं.

मामांनी गाडी बंद केली नाही. तसंच मोठ्यानं सांगितलं, "मग? त्याच सांजच्याला तुझा बाप हितं बाकड्यावर बसून हसत हुता. म्हणाला, पोरगी मोठी झाली, आता बापाची लाज वाटायला लागली. पेढं द्यायला पायजेत म्हणाला."

मी मामांना विचारलं, हे खरं, की पोरीचं मन राखायला सांगितलं? ते माझ्यावर चिडले. "खरं हाय, बाई. खोटं बोलून गाडी दुरुस्त हुत न्हाय." मग पेन्सिल कानावर सरळ करत म्हणाले, "पेढं मीच आणायचं राहिलंतं. काल दिलं तिला."

पंधराएक दिवस गेले. वैशालीला मिळेल तेवढं अर्धंमुर्धं दूध मिळत होतं आणि ती तगून होती. एका संध्याकाळी मामा दमून बाजूला बसले आणि ऋतुजाला म्हणाले, तूच पिळून बघ. तिनं दोनदा पिळला, थांबली, मग एकदा. चिमणीचे कान आधी मागं गेले, मग उभे राहिले, आणि त्या अवाढव्य म्हशीनं मान वळवून गाडीकडं बघितलं. चिमणी दोन पावलं पुढं आली आणि तिनं सीटला नाक लावलं.

मामा मान वाकडी करून, डोळा मिटून ऐकत होते. "थोडा फरक हाय अजून," ते म्हणाले. हातात पाना तयारच.

ऋतुजानं त्यांचा हात धरला. "असू दे मामा. चिमणीला चालतंय."

मामांनी पाना खाली ठेवला. दुसऱ्या सकाळी बादली भरली. त्या आठवड्यात ऋतुजानं शेजारणीचं भडंग चोरलं, वर तिलाच चिमटा काढला, आणि मी तिला वर्गाबाहेर उभं केलं. तिला शिक्षा करताना एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

तेव्हापासून मामांच्या गॅरेजवर रंगानं लिहिलेली एक पाटी लागली : 'सर्व्हिसिंगला देण्याआधी घरी विचारून या.' नवं गिऱ्हाईक बुचकळ्यात पडायचं. मामा त्याला खोदून विचारायचे, ह्या आवाजाची घरात कुणाला सवय नाही ना, म्हातारी आई, लहान पोर, कुत्रं? कुणी कबूल केलं, की हो, आवाज आला की आई दार उघडते, तर मामा ब्रेक आणि तेल बघून गाडी तशीच परत द्यायचे. मामी म्हणायच्या, आता माझं वाक्य अर्ध्यापर्यंत ऐकायला लागलेत.

पुढं माझी बदली झाली, मग मी उपनगरात घर घेतलं. गंगावेशीत जाणं कमी झालं. मध्यंतरी मामांनी गॅरेज बंद केलं आणि त्यांना ऐकू कमी येतं, असं कळलं. मला वाईट वाटलं. ह्या माणसाचं सगळं वैभव कानात होतं.

गेल्या दिवाळी पाडव्याला मुद्दाम गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गर्दी, हलगी वाजतेय, रंगवलेल्या शिंगांच्या म्हशी एकामागून एक पळत चालल्या आहेत, पुढं सायलेन्सर काढलेल्या गाड्या कानठळ्या बसवताहेत. मामा कट्ट्यावर बसले होते, धुतलेला पांढरा शर्ट, टोपी. मला ओळखलं, जागा करून दिली. कानाचं मशीन त्यांच्या शर्टाच्या खिशात होतं. मी खुणेनं विचारलं, कानात का नाही? ते मोठ्यानं म्हणाले, "सगळ्या गाड्या बिघडल्यात, बाई. कशाला ऐकायच्या?"

तेवढ्यात वळणावर गलका झाला. कॉलेजात जाणारी ऋतुजा, डोक्याला फेटा, त्याच गाडीवर. मागं चिमणीच्या कासेला तेव्हा असलेलं ते रेडकू, आता आईएवढीच दांडगी म्हैस, पाठीवरचे केस कातरून 'संभाजी' अशी अक्षरं काढलेली. ती दिसताच मामांनी खिशातनं मशीन काढलं, बोटांनी चाचपत कानात बसवलं, मान वाकडी केली आणि एक डोळा मिटला. गाडी खोकत, किणकिणत आमच्या समोर आली. ऋतुजानं मामांकडं बघून दोनदा पिळला, थांबली, मग एकदा.

"थोडा फरक हाय अजून," मामा मला म्हणाले. ती रस्त्याच्या टोकाला दिसेनाशी झाली, मागून दहा गाड्या ठणाणत आल्या, तरी त्यांनी मशीन काढलं नाही.